एकशे अठरा, माझीच

घासलेलं पितळ फार दिवस चमकत नाही. चार-पाच दिवसांत त्याचा पिवळाधमकपणा उतरतो, पंधरा दिवसांत ते काळपट मधासारखं दिसू लागतं, आणि महिन्याने कुणीतरी उचलून विचारतं, हे पितळच आहे ना?

*

तळ फुटलेली निळी बादली उपडी घातली की तिच्यावर माणूस बसू शकतो. कुणी बसलं नाही तरी ती तिथे असणं पुरेसं असतं.

*

नियम अकरा, पोटनियम दोन. एका व्यक्तीस एकच जागा.

*

शर्टाचं बटण तुटलं की माणूस उरलेल्यांतलं एक कापून आणतो आणि म्हणतो, असंच द्या. असंच कधी मिळत नाही. मिळतं ते लांबून असंच दिसणारं.

*

डोळ्याच्या ऑपरेशननंतर सहा आठवडे वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, धुळीत जायचं नाही. चष्म्याचा नंबर सातव्या आठवड्यात.

*

फुटपाथच्या कडेच्या दगडात चार भोकं. चौकोनात, सारख्या अंतरावर, बोट जाईल एवढी.

*

ह्या सगळ्यांची गाठ एका मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता पडली. तेव्हा तसं कुणाला वाटलं नाही. बटणवाल्या मावशीला वाटलं, पालिकेचा माणूस आला आहे, फीत घेऊन आला आहे, मोजेल आणि जाईल.

बटणवाली मावशी म्हणजे बाजाररस्त्याच्या डाव्या अंगाला, बँकेच्या भिंतीला पाठ लावून बसणारी बाई. तिच्यापुढे एक फळी, फळीवर सत्तेचाळीस डब्या. बटणं, हूक, चेन, इलास्टिक, रिळं. गिऱ्हाइकाने बटण पुढे केलं की ती ते हातात घेत नसे. नुसतं बघायची आणि न चुकता डबीत हात घालायची. बावीस वर्षं हेच.

तिच्या उजव्या हाताला चावीवाला. तो तिच्याहून जुना. त्याच्या पुढ्यात दगडाला बोल्टने आवळलेला एक लोखंडी शिकंजा, त्यात किल्ली अडकवायची आणि कानशीने दात पाडायचे. मशीन त्याने कधी घेतलं नाही. 'मशीन नक्कल करतं, मी किल्ली करतो,' असं तो म्हणायचा, आणि मावशी म्हणायची, 'दादा, हे वाक्य पाटीवर लिहा, म्हणजे रोज ऐकायला लागणार नाही.'

त्या मंगळवारी चावीवाला नव्हता. आठ महिने थांबल्यावर सरकारी दवाखान्यात त्याच्या उजव्या डोळ्याचा नंबर लागला होता. तारीख चुकवली असती तर पुन्हा रांगेच्या शेवटी. शनिवारी त्याने शिकंज्याचे बोल्ट काढले, शिकंजा पोत्यात घातला आणि जाताना म्हणाला, 'ताई, बादली ठेव.'

'ठेवते. तुम्ही डोळा नीट करून या. येताना मला ओळखा म्हणजे झालं.'

'तुला न ओळखण्यासाठी ऑपरेशन करतोय.'

बादली ठेवणं म्हणजे काय, हे बाजारात बसणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. माणूस आजारी पडतो, गावी जातो, घरात मयत होते. जागा रिकामी दिसली की दुपारपर्यंत तिथे दुसऱ्याची चादर पसरलेली असते. म्हणून शेजारी आपली एखादी वस्तू त्या जागेवर ठेवतो, आणि कुणीही विचारलं, पोलिसाने, झाडूवाल्याने, नव्याने आलेल्या कुणी, तर एकच शब्द सांगायचा. माझीच. 'त्याची आहे, तो आजारी आहे' असं कधी म्हणायचं नाही. 'तो नाही' एवढं ऐकलं की समोरच्याचं पाऊल पुढे पडतं. माझीच म्हटलं की थांबतं. मावशीने हा शब्द बावीस वर्षांत शंभरदा तरी उच्चारला असेल. तो तोंडातून यायला डोकं लागत नसे.

*

अनुक्रमांक: एकशे सतरा.
व्यवसाय: बटणे व शिवण साहित्य.
जागेचे माप: आठ फूट बाय चार फूट.

हे पाहणीवाल्याच्या हातातल्या पाटीएवढ्या यंत्रावर त्याने स्वतः भरलं. पोरगेलासा होता, घामाघूम झाला होता, आणि अजून शंभरेक जागा त्याला जेवणाआधी उरकायच्या होत्या. त्याच्या मागे रंगाचा डबा घेतलेला एक माणूस, आणि त्याच्या मागे, हळूहळू सरकत, माल उचलून नेणारी गाडी. गाडी रिकामीच होती. पण ती गाडी रिकामी असली तरी बाजारातली माणसं माल मांडीजवळ ओढून घेतात.

'ही शेजारची जागा कुणाची?' पाहणीवाल्याने बादलीकडे बोट केलं.

'माझीच.'

त्याने फीत धरली. भिंतीपासून कडेपर्यंत, आणि मावशीच्या डाव्या कोपऱ्यापासून बादलीच्या पलीकडपर्यंत. यंत्राने दोन फोटो काढले. काचेवर त्याने बोटाने एक चौकोन ओढला. दोन नव्हे, एक. मावशीने फळीवरून मान पुढे काढून तो चौकोन बघितला.

'म्हणजे तशी...' ती म्हणाली.

'तशी म्हणजे?'

गाडीने मागून हॉर्न दिला. फाळक्यावर बसलेला हमाल बादलीकडेच बघत होता.

'माझीच,' मावशी म्हणाली.

रंगवाल्याने तिच्यासमोर दगडावर ११७ लिहिलं, एका जागेला चार फूट ह्या हिशेबाने पुढे ११८ लिहिलं, आणि ते पुढे गेले. समोरचा टोपीवाला, ज्याला सगळे वायरलेस म्हणत, कारण बाजारातली बातमी त्याच्याकडे पोलिसांच्याही आधी पोचायची, रस्ता ओलांडून आला.

'मावशी, दोन-दोन नंबर. आता तुम्ही शेठाणी.'

'गप बस. तुझ्या डोक्यावर उलटी टोपी आहे.'

'ती तशीच घालतात हल्ली.'

'म्हणूनच खपत नाहीत.'

पण तिचं लक्ष टोपीत नव्हतं. पांढरा रंग ऊन लागून सुकत होता, आणि एकशे अठराचा आठ थोडा वाहिला होता.

*

तीन आठवड्यांनी पाकीट आलं. वायरलेसने ते तिच्यासमोर उभं राहून वाचलं, आणि वाचता वाचता त्याचा आवाज उतरत गेला.

पाहणीत आपल्या नावे दोन जागा आढळल्या आहेत. नियमाप्रमाणे एकच अनुज्ञेय आहे. आपण सुनावणीस हजर राहून एक जागा सोडत असल्याचे लिहून दिल्यास दुसरी कायम केली जाईल. सोडलेली जागा सोडतीने नव्या अर्जदारास देण्यात येईल. पाहणीत खोटी माहिती दिल्याचे आढळल्यास नियम एकोणीसप्रमाणे प्रमाणपत्र रद्द होईल व पाच वर्षे जागेसाठी अर्ज करता येणार नाही.

'म्हणजे साधं आहे,' वायरलेस म्हणाला. 'एकशे अठरा सोडते असं लिहून द्यायचं. तुमची राहते.'

'आणि चावीवाल्याची?'

'त्याची कुठे आहे? कागदावर तो नाहीच.'

'बावीस वर्षं मी त्याच्या शेजारी बसते.'

'ते मला सांगू नका, मला दिसतं. कागदाला सांगा.' मग थोड्या वेळाने, 'आणि सांगितलंत तर खोटं बोललो म्हणून सांगावं लागेल. मग तुमची जाते.'

त्याने कागद घडी करून पाकिटात घातला. पाकीट त्याने फळीवर ठेवलं नाही, मावशीच्या हातात दिलं.

*

चावीवाला सव्विसाव्या दिवशी आला. काळा चष्मा, नव्याने कापलेले केस, आणि चालताना पाय थोडा उचलून टाकत होता, जिना नसलेल्या ठिकाणी पायरी असल्यासारखा. बादलीवर बसला. सवयीने हात पुढे गेला, शिकंजा जिथे असायचा तिथे, आणि हवेतून परत आला.

'बादली जागेवर आहे म्हणायची.'

'बादली जागेवर आहे, दादा. तुम्ही नाही.'

'कळलं मला. वायरलेसचा फोन दवाखान्यातही लागतो.' तो हसला. 'मी कागदावर कधी होतो, ताई? एक जुना पास होता, तो माझ्या बापाच्या नावाचा. उंदरांनी खाल्ला, त्यांना तरी लागू पडला असेल.'

मावशी हसली नाही. ती इलास्टिकचं भेंडोळं उगाच सोडवत होती.

'ऐक,' तो म्हणाला. 'तू लिहून दे. एकशे अठरा सोडते, झालं. मी काही आता बसणार नाही. डॉक्टर म्हणाले, बारीक काम सोडा. मी म्हटलं, बरं. कानस माळ्यावर टाकली. भाचा म्हणतोय त्याच्या गोदामावर बस, येणारे-जाणारे लिहून घे. सावलीत आहे, पंखा आहे.'

'तुम्ही आणि सावलीत.'

'का? मला काय ऊन आवडतं? इतकी वर्षं दुसरी सोय नव्हती म्हणून बसलो.'

त्याने खिशातून किल्ली काढली. 'आणि ही घे. तुझ्या लेकीने सांगितली होती. ऑपरेशनच्या आधीच केली होती, खिशातच राहिली.'

मावशी आणि तिची लेक एका खोलीत राहत. कुलूप एक, किल्ली एक. लेक मोज्यांच्या कारखान्यात पाळीवर जायची, आणि जिच्याकडे किल्ली नसे ती आधी घरी आली की पायरीवर बसून राही. दुसरी किल्ली करून द्या म्हणून लेकीने चावीवाल्याला जुनीचा साबणावर घेतलेला ठसा दिला होता, त्याला दोन महिने झाले होते.

मावशीने किल्ली घेतली. तिच्या डाव्या हाताला पितळी बटणांची डबी उघडीच होती. कोट, गणवेश, बँडवाले, ह्यांना लागणारी बटणं. त्या डबीने तिला जे शिकवलं ते कुठे लिहिलेलं नव्हतं. नवं बटण जुन्या कोटाला का उठून दिसतं, किती दिवसांनी दिसायचं थांबतं, गिऱ्हाइकाला 'पंधरा दिवस थांबा, आपोआप जुळेल' असं कधी सांगायचं. पितळाचं वय ती पितळ बघून सांगू शके.

किल्लीची पाठ काळपट होती. दात मात्र पिवळेधमक होते. खाचेच्या तळाशी कानशीच्या रेघा इतक्या ताज्या होत्या की ऊन त्यांत अडकत होतं. दोन दिवस. फार तर तीन.

'बरी झालीय,' ती म्हणाली.

'नीट न बघताच?'

'बघितली.'

तो उठला. जाताना बादली त्याने पायाने किंचित सरळ केली, एकशे अठराच्या बरोब्बर मध्यावर आणली, आणि गेला.

*

लेकीला किल्ली मिळाली नाही. मावशीने ती पितळी बटणांच्या डबीत ठेवली.

'आई, चावीवाला मामा स्वतः म्हणतोय ना, जागा सोड म्हणून?' लेक म्हणाली. संध्याकाळी दोघी भाजी निवडत होत्या.

'म्हणतोय.'

'मग?'

'खोटं बोलतोय. कानस माळ्यावर टाकली म्हणतो, आणि किल्ली परवाची आहे.'

'कशावरून?'

मावशीने डबीतून एक मळकं बटण आणि किल्ली काढून शेजारी शेजारी जमिनीवर ठेवली. लेकीने दोन्हींकडे बघितलं. तिला दोन पिवळ्या वस्तू दिसल्या. मावशीने दोन्ही परत डबीत टाकल्या.

'रंग बघून तू आपलं बस्तान उठवणार?'

'रंग नाही. तो घरात बसून, डॉक्टरांनी नको म्हटलेलं असताना, कानस मारतोय. भाच्याच्या गोदामावर बसणारा माणूस कशाला कानस मारेल?'

'मग त्याने सांगावं तसं. तोंड आहे ना?'

मावशीने हातातला देठ मोडला.

'तू झालीस तेव्हा मी साडेतीन महिने घरी होते,' ती म्हणाली. 'तुझे वडील तेव्हा तिकडे, परक्या शहरात. माझी जागा दोन महिन्यांची जुनी. कोण ओळखत होतं मला? ह्या माणसाने माझ्या जागेवर ही बादली ठेवली. तेव्हा हिला तळ होता. रोज कुणी ना कुणी यायचं. रोज सांगायचा, माझीच. एकाशी मारामारी झाली त्याची. दात पडला. मला कधी सांगितलं नाही, वायरलेसच्या बापाने सांगितलं.'

'तेव्हा कागद नव्हता, आई.'

'हो,' मावशी म्हणाली. 'तेव्हा कागद नव्हता.'

लेकीने भाजी उचलली आणि धुवायला नेली. नळ सोडून तिने पाठमोरीच विचारलं, 'पाच वर्षं काय करायचं?'

मावशीने देठ कागदात गोळा केले आणि उंबऱ्याबाहेर नेऊन टाकले.

*

सुनावणीची खोली. पाच लोखंडी खुर्च्या, एक टेबल, शिक्क्याची गादी, झाकण ठेवलेला पाण्याचा पेला, भिंतीवर मागच्या वर्षाचं कॅलेंडर. टेबलामागे सुनावणीच्या बाई. त्यांच्या करड्या कोटाच्या उजव्या बाहीवरचं बटण दोऱ्याला लोंबत होतं. चार भोकांचं, कडेला रेघ. मावशी शपथेचा मजकूर ऐकत होती आणि बटण बघत होती. तिच्या पिशवीत तसं होतं. अगदी तसं नाही. लांबून तसं.

चावीवाला आधीच येऊन खुर्चीवर बसला होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

'एकशे अठरा कुणाची?' बाईंनी विचारलं.

'ह्यांची,' मावशी म्हणाली.

'माझी नाही,' चावीवाला म्हणाला.

बाईंनी पेन खाली ठेवलं. 'सकाळपासून सात सुनावण्या झाल्या. सातही ठिकाणी माणसं माझी माझी म्हणून भांडत होती. तुमचं काय चाललंय?'

'ह्या ताई जरा हळव्या आहेत, मॅडम,' चावीवाला म्हणाला. 'मी तिथे कधीमधी बसायचो. गप्पा मारायला.'

'शिकंजा घेऊन?' मावशी म्हणाली.

'कसला शिकंजा?' बाईंनी विचारलं.

'मॅडम, तुमच्याकडे फोटो आहे. त्या दिवशी काढलेला. बघा एकदा.'

बाईंनी यंत्र जवळ ओढलं, फोटो मोठा केला. निळी बादली, आणि तिच्यापुढे दगडात चार भोकं, चौकोनात.

'बटणं विकायला दगडाला भोकं कुणी पाडत नाही,' मावशी म्हणाली. 'ती हातोडा-छिन्नीने पाडली आहेत. आतून गुळगुळीत झालीत, बोल्ट घालून-काढून. एका वर्षात होत नाहीत तशी.'

बाई चावीवाल्याकडे वळल्या. 'कशाची आहेत ही?'

इथे तो खोटं बोलू शकला असता. छत्री रोवायची, म्हणाला असता. गाय बांधायची. पण त्याने त्या फोटोकडे बघितलं, काळा चष्मा काढून, फोटो जवळ, मग लांब, मग पुन्हा जवळ धरून. आणि ती भोकं त्याने पाडली होती, पंचविशीत असताना, बापाच्या देखरेखीखाली, आणि चौथं थोडं तिरकं गेलं म्हणून बापाची बोलणी खाल्ली होती.

'शिकंज्याची,' तो म्हणाला. 'माझ्या.'

बाईंनी पेन पुन्हा उचललं.

मग जबाब लिहिला गेला. त्यात असं आहे: 'मी पाहणीचे वेळी जागा क्र. ११८ माझी असल्याचे सांगितले, ते खरे नव्हते.' मावशी जे बोलली ते असं होतं: 'मॅडम, आम्ही तसंच म्हणतो. कुणाचीही असली तरी. आजारी माणसाची जागा आजारी माणसाची आहे असं सांगितलं तर ती उरत नाही.' हे दुसरं लिहिलं गेलं नाही, कारण त्याला रकाना नव्हता.

'तुम्ही एवढंच सांगायचं होतं,' बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. 'शेजारी आजारी आहे. त्याच्यासाठी नमुना ड आहे. शेजाऱ्याची एक सही, दवाखान्याचा कागद, की त्याच्या नावाने नोंद झाली असती. ह्या वेळी आम्ही मुद्दाम ठेवला होता तो. नोटिशीत लिहिलं होतं.'

'कुठे?'

'खाली. शेवटी.'

मावशीने मान हलवली. पाहणीची नोटीस बँकेच्या खांबावर लावली होती, आणि शेवटच्या चार ओळींवर कुणीतरी खोली भाड्याने देण्याची जाहिरात चिकटवली होती. ते तिने सांगितलं नाही. जाहिरात नसती तरी तिने वाचलं नसतं, आणि वाचलं असतं तरी साडेदहा वाजता, गाडीच्या हॉर्नसमोर, तिच्या तोंडातून तोच शब्द आला असता.

बाईंनी दोन कागद पुढे केले. एकावर एकशे अठरा चावीवाल्याच्या नावे. दुसऱ्यावर एकशे सतरा रद्द.

'मला नियम एकोणीस सोडता येत नाही,' त्या म्हणाल्या. 'पण तो जागेपुरता आहे. फिरत्या विक्रेत्याला जागा नसते, त्यामुळे तो अर्ज तुम्हाला करता येतो. खिडकी क्रमांक चार. एका ठिकाणी अर्ध्या तासापेक्षा जास्त थांबता येणार नाही, एवढं लक्षात ठेवा.'

'बरं,' मावशी म्हणाली. सही केली. मग पिशवीत हात घातला आणि एक करडं बटण टेबलावर ठेवलं, कोटाच्या बाहीजवळ.

'हे मला घेता येत नाही,' बाई म्हणाल्या.

'मग विकत घ्या.'

'विकायचा परवाना मी आत्ताच रद्द केला.'

बाईंनी ते बोटाने परत सरकवलं. शेवटी मावशीने ते उचलून पिशवीत टाकलं.

बाहेर जिन्यावर चावीवाला तिच्या पुढे उतरला. शेवटच्या पायरीवर थांबला, पाय चाचपून खाली टाकला, आणि म्हणाला, 'मूर्ख आहेस.'

'तुम्ही कानस माळ्यावर टाकली होती ना? काढा आता.'

*

एकशे सतराची सोडत निघाली. मोबाइलची कव्हरं विकणारा एक तरुण आला, सभ्य, कानात वायर. पहिल्याच दिवशी त्याने निळ्या बादलीकडे बोट केलं, ती दोन्ही आकड्यांच्या मधल्या रेघेवर होती.

'ही कुणाची?'

'माझीच,' चावीवाला म्हणाला.

मावशी गळ्यात फळी अडकवून फिरते. सत्तेचाळीस डब्यांतल्या एकोणीस मावतात. भोंग्याच्या वेळेला कारखान्याच्या फाटकाशी, शाळा सुटताना शाळेशी, आणि उरलेला दिवस बाजाररस्त्यावर, एकशे अठराच्या समोर, बादलीवर. पट्टा मानेला काचतो. लेकीने त्याला जुन्या स्वेटरची गादी शिवून दिली.

'ताई, अर्धा तास झाला,' चावीवाला सांगतो. त्याच्याकडे घड्याळ आहे, ते त्याने मुद्दाम शिकंज्याला टांगलं आहे.

ती उठते, बँकेच्या खांबापर्यंत जाते, खांबाला हात लावते आणि परत येऊन बसते. वायरलेस समोरून ओरडून विचारतो, 'मावशी, परगावी जाऊन आलात का?' ती म्हणते, 'आले. तिकडेही उलट्या टोप्या खपत नाहीत.'

सातव्या आठवड्यात चावीवाल्याला चष्मा लागला. जाड आहे. पूर्वी एका किल्लीला त्याला चहा निवेपर्यंतचा वेळ लागायचा. आता चहा निवतो, त्यावर साय धरते, आणि तो अजून खाच बोटाने चाचपत असतो. काही गिऱ्हाइकं किल्ली घेऊन परत येतात. तो पैसे परत करत नाही, दुसरी करून देतो, आणि कधी तिसरी. गिऱ्हाईक कुरकुरायला लागलं की मावशी म्हणते, 'अहो, थांबा की जरा, तोवर तुमच्या बाहीचं बटण बघू.' नवी किल्ली होईपर्यंत ती माणसाला तिथे धरून ठेवते. अर्धा तास.

दुसरी किल्ली कुठे आहे, असं लेक अधूनमधून विचारते. आहे, असं मावशी सांगते. जिच्याकडे किल्ली नसते ती आधी घरी आली की अजून पायरीवर बसते.

सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी, लेक दूध आणायला गेली असताना, मावशीने ती किल्ली दाराच्या कुलपात घालून बघितली होती. ती फिरली नव्हती.